'ब्रेक फेल झाले' म्हणणं आता बंद करा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या दारात चारचाकी आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, किंवा ज्याचं पोरगं रोज सकाळी स्कूल व्हॅनमध्ये बसतं, त्यानं शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

थोड्या थोड्या दिवसांनी आपल्या ग्रुपवर एक फोटो येतो. चेपलेली गाडी, रस्त्यावर पडलेल्या चपला आणि खाली एक ओळ: 'ब्रेक फेल झाल्याने अपघात'. मग हात जोडलेल्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी विषय संपतो. 'ब्रेक फेल' हे दोन शब्द लिहिले की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. मालक सुटतो, ड्रायव्हर सुटतो, मिस्त्री सुटतो, पासिंग करणारा साहेब सुटतो. अडकतो फक्त मेलेला.

मी आज सरळ लिहितो. 'ब्रेक अचानक फेल झाले' ही शंभरातल्या बहुतेक वेळा थाप असते, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून सांभाळलेली आहे. ब्रेक महिनोन् महिने सांगत असतात. आपण ऐकत नाही.

दुसऱ्याला बोलण्याआधी माझं सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आईला डोळे दाखवायला नगरला नेलं होतं. परत येताना इमामपूरचा घाट उतरत होतो. पुढं कांद्याचा भरलेला ट्रक, मी त्याच्या मागं चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवूनच. अर्धा घाट उतरलो आणि पेडल मऊ लागलं. परत दाबलं तर आणखी खाली गेलं. पायाखाली जणू ओला स्पंज. आई मागं बसून पेरू खात होती. मी तिसरा टाकला, दुसरा टाकला, इंजिन बोंबललं, हॅन्डब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कडेला घेतली. देवानं कड रिकामी ठेवली होती म्हणून हे लिहितोय.

आई म्हणाली, "का रं थांबवली?"

"गाडी तापलीय, आई."

खोटं बोललो. आणि खरी गंमत पुढं आहे. अर्ध्या तासानं पेडल दाबून पाहिलं तर पहिल्यासारखं कडक! मनात आलं, चला, काही नाही, शनिदेवानं वाचवलं, जाऊ घरी. तसाच हळूहळू पांढरीपूल, घोडेगाव करत सोनईला आलो सुद्धा. त्याबद्दल आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चाक खोललं. एका बाजूचं आतलं पॅड पार पत्र्याला लागलेलं. कॅलिपरची पिन गंजून जाम, म्हणजे ब्रेक सोडला तरी ते पॅड डिस्कला घासतच होतं. ब्रेक ऑइल काळंभोर, गाडी घेतल्यापासून कधी बदललेलंच नाही. सतत घासून चाक तापलं, त्याची उष्णता ऑइलला गेली, ऑइलमधलं पाणी उकळलं, त्याची वाफ झाली. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ते पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो, जोर चाकापर्यंत पोचत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल कडक. म्हणूनच कित्येक ड्रायव्हर जीव तोडून सांगतात 'साहेब, ब्रेक लागला नाही', आणि दुसऱ्या दिवशी तपासणीत ब्रेक लागतो.

आता हिशेब मांडा. हे 'अचानक' होतं का? आधी तीन महिने पुढच्या चाकातून चिरकणारा आवाज येत होता. पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासून ओरडते, तिचं कामच ते आहे. मी गॅरेजवर सांगितलं तर उत्तर मिळालं, "भाऊ, पावसाचं चालतंय, जाईल आपोआप." मग वळणावर डॅशबोर्डचा लाल दिवा लुकलुकायला लागला. डबीतलं ऑइल कमी झालं होतं, ते वरून ओतलं, दिवा गेला. ते कमी का झालं, हे त्यानं पाहिलं नाही आणि मी विचारलं नाही. उलट मीच म्हणालो होतो, "आता जास्त खोलू नको, उसाचं पेमेंट आल्यावर बघू."

म्हणून मी त्या मिस्त्रीला एकट्याला शिव्या देणार नाही. निम्मा गुन्हेगार मी होतो.

आता बाहेर बघा. ९ डिसेंबर २०२४, कुर्ला. बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, माणसं मेली. पहिल्या तासापासून 'ब्रेक फेल'. पुढं तपासात बसमध्ये तसा बिघाड नसल्याचं आणि चालकाला त्या प्रकारच्या बसचा पुरेसा सराव नसल्याचं समोर आलं. नोव्हेंबर २०२२, पुण्याचा नवले पूल. एका ट्रकनं उतारावर डझनावारी गाड्या चेपल्या. पुन्हा 'ब्रेक फेल'. पोलिसांच्या प्राथमिक तपासात निघालं की डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. आता ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा चार वेळा पाय दाबला की संपली. यात ब्रेकचा काय दोष? ४ जुलै २०२३ ला धुळे जिल्ह्यात पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर कंटेनर गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला, किमान १० माणसं गेली. कारण काय छापून आलं? ब्रेक निकामी. बरं, निकामी झाले. पण कधीपासून होत होते? शेवटचं पासिंग कधी झालं? लायनर कधी बदलले? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या-माझ्यापर्यंत कधी पोचली? मला तरी आठवत नाही.

कुणी म्हणेल, पाइप फुटला तर माणूस काय करणार? फुटतो, मान्य. पण आजच्या कारमध्ये मास्टर सिलिंडरला दोन वेगळ्या लाइन असतात. एक फुटली तरी दुसरीवर दोन चाकं ब्रेक धरतात. पेडल खोल जातं, गाडी उशिरा थांबते, पण थांबते. म्हणजे कंपनीनं एका चुकीची सोय करून ठेवलीय. आपण चार चुका एकदम करतो आणि मग नशिबाला दोष देतो.

गाडी काय काय सांगते ते एकदा लिहून ठेवतो. सेव्ह करा.

१) पेडल स्पंजासारखं लागतंय: लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल जुनं होऊन पाणी धरलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डीओटी ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं. तेच ओलावा धरल्यावर १४० ला उकळायची वेळ येते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं. नुसतं वरून ओतायचं नाही, जुनं काढून, चारी चाकांची हवा काढून भरायचं.

२) इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जातंय: कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. गाडी हलवू नका.

३) पेडल दगडासारखं कडक: बूस्टर तपासा. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा पेडल दाबा, मग दाबून धरूनच सेल मारा. इंजिन सुरू होताच पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चांगला. नाही गेलं तर बूस्टर नाहीतर त्याचा पाइप गेला. आणि हो, उतारावर इंजिन बंद केलं की एक-दोन दाबांनंतर कारचंही पेडल असंच दगड होतं. चार थेंब पेट्रोलसाठी हा धंदा करू नका.

४) ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते: एका बाजूचा कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर जाम आहे, पॅडला तेल लागलंय किंवा आतून पाइप बुजलाय. दहा किलोमीटर चालवून उतरा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलेलं वाटलं तर चोर सापडला.

५) ब्रेक मारताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरतं: बहुधा डिस्क सगळीकडं सारखी जाड राहिलेली नाही. डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा कोरलेला असतो. लेथवर घासून त्याच्या खाली गेली तर ती डिस्क भंगारात. (मात्र जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसच्या गाडीत पाय थरथरतो, तो बिघाड नाही.)

६) ऑइलची पातळी खाली गेली: एक तर गळती आहे, नाहीतर पॅड झिजलेत. पॅड झिजलं की पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागं ऑइल जातं, डबीत कमी होतं. तीन मिलिमीटरच्या आसपास पॅड उरलं की बदलायचं.

७) हॅन्डब्रेक पार वर ओढावा लागतो: मागचे शू झिजलेत, सेटिंग गेलंय किंवा वायर ताणलीय.

आणि एक हात जोडून विनंती. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल ओतू नका. 'ऑइल ते ऑइल' म्हणून ओतणारे आपल्याकडं आहेत. त्यानं आतलं प्रत्येक रबर फुगतं आणि अख्खी सिस्टीम जाम होते. तसंच ड्रम खोलल्यावर हवेचा पाइप मारून धूळ उडवू नका. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. हे मालकापेक्षा मिस्त्री भावांसाठी आहे.

आता सरकारकडं वळतो. पीयूसी नाही म्हणून आपल्याला कुणी ना कुणी अडवलेलं असतं. ब्रेक दाखवा म्हणून खासगी कारवाल्याला रस्त्यात कुणी कधी अडवलं? खासगी कार एकदा नोंदली की १५ वर्षं तिचे ब्रेक सक्तीनं तपासणारं कुणी नाही. टॅक्सी, ट्रक, बस यांना फिटनेस लागतं, आपल्या गाडीला नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. जर्मनीत पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. चाकं रोलरवर फिरवून कुठलं चाक किती ब्रेक धरतं ते मोजतात. नापास झाली की दुरुस्त करून परत आणा. तिथली माणसं काही जास्त शहाणी नाहीत, तिथं व्यवस्था विचारते एवढंच.

आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. धोका होईल असा दोष असलेली गाडी किंवा ट्रॉली रस्त्यावर चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपये. त्याच कलमात पुढं, धूर आणि आवाजाचे निकष मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत. धुराला दंड असावाच, माझी तक्रार नाही. पण न थांबणारी गाडी ही धूर सोडणाऱ्या गाडीपेक्षा सहा-सात पट स्वस्त गुन्हा कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

कलमात ट्रॉलीचं नाव आहे, हे लक्षात ठेवा. कारण सोनईत बसून ब्रेकवर बोलायचं आणि उसाच्या ट्रॉलीवर गप्प बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

कारखान्याचं बॉयलर पेटलं की आपले सगळे रस्ते उसाचे होतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर कमरेएवढा जास्तीचा ऊस, गाणी जोरात. बहुतेक ट्रॉल्यांना चालू ब्रेक नसतोच. सगळं वजन थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो. वर आणखी एक गोष्ट, जी ट्रॅक्टरवाल्याला माहीत असते आणि कारवाल्याला नसते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, शेतात जागेवर वळायला. रस्त्यावर आलं की मधली पट्टी टाकून दोन्ही पेडल जोडायचे असतात. पट्टी न टाकता घाईत एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गिरकी घेतो. पट्टी टाकायला दोन सेकंद लागतात. किती जण टाकतात? संध्याकाळी चौकात उभं राहून स्वतः मोजा.

हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. चांगलंच आहे, रिफ्लेक्टरनं जीव वाचतात. पण रिफ्लेक्टर मागच्याला सांगतो की पुढं ट्रॉली आहे. ट्रॉली थांबेल का, ते तो सांगत नाही. 'ट्रॅक्टरवाला गरीब आहे, त्याला त्रास देऊ नका' असं लगेच कुणीतरी म्हणेल. अरे, त्या ट्रॅक्टरवर बसणारा पोरगा पण गरीबाचाच आहे ना? ट्रॉलीखाली पहिला तोच जातो.

आता शिंगणापूर. इथं जरा जपून लिहितो, कारण शनिदेवावर माझीही श्रद्धा आहे. आपल्या शेजारच्या गावात घरांना दारं-कुलपं नाहीत, २०११ साली तिथं युको बँकेनं बिनकुलपाची शाखा उघडली, याचं जगाला कौतुक आहे. नवी गाडी घेतली की माणसं लांबून दर्शनाला येतात. लिंबू-मिरची बांधतात, काळी बाहुली लावतात. बांधा. पण कुलपाशिवाय घर चालतं ते माणसांच्या विश्वासावर. गाडी थांबते ती पॅड आणि डिस्कच्या घर्षणावर. तिथं विश्वास चालत नाही. शनिवारी घोडेगाव-शिंगणापूर-सोनई-राहुरी रस्त्यावर पाहा, पुढच्या बंपरला ताजी लिंबू-मिरची आणि पॅड घासून मागून लोखंडाचा आवाज. देव न्यायाचा आहे म्हणतात. तो तरी झिजलेलं पॅड जाड करून देईल का?

"पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न येणारच. काचेवर 'दादा', 'किंग' लिहायला, मोठा साउंड बसवायला आणि अलॉय व्हील टाकायला पैसे येतात तिथूनच. दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदलायचा खर्च काही शे रुपयांचा आहे. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. चांगला ब्रेक असेल तर कोरड्या रस्त्यावर पाय दाबल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते. ब्रेक निम्माच धरत असेल तर ४० मीटर. त्या मधल्या २० मीटरमध्ये शाळेतून सुटलेलं पोरगं असू शकतं. त्याची किंमत काढा आणि मग खर्चाचं बोला.

नुसती टीका करून थांबत नाही. माझ्या मागण्या अशा:

पहिली, कारखान्याकडं. ऊस वाहतुकीचा करार करतानाच ट्रॅक्टरचे ब्रेक, पेडलची पट्टी आणि ट्रॉलीचे ब्रेक तपासून मगच सही करावी. जो उचल देतो, त्यानं ही अट घालायला काय हरकत आहे? आणि ट्रॉलीला ब्रेक बसवायला त्याच उचलीतून हप्त्यानं पैसे द्यावेत.

दुसरी, देवस्थान आणि पंचायतीकडं. शनी अमावस्येला पार्किंगच्या एका कोपऱ्यात मोफत ब्रेक तपासणी ठेवा. आयटीआयची मोटार मेकॅनिकची पोरं आणि एक अनुभवी मिस्त्री बसवा. चाक खोलायची गरज नाही. ऑइलची पातळी आणि रंग, पेडलची परीक्षा, चाकाच्या फटीतून पॅड, हॅन्डब्रेक. पाच मिनिटांचं काम. पोरांना हात साफ करायला मिळेल, भाविक सुखरूप घरी जाईल.

तिसरी, शाळांकडं आणि पालकांकडं. व्हॅनचं फिटनेस कागदावर पाहून समाधान मानू नका. दर तीन महिन्यांनी दोन पालकांनी गॅरेजवर उभं राहून चाक खोलून बघावं.

चौथी, गॅरेजवाल्या भावांकडं. बिलावर पॅड किती मिलिमीटर उरलंय ते लिहून द्या, काढलेलं जुनं पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आणि गिऱ्हाईक म्हणालं 'तसंच चालवू दे', तर ते पण बिलावर लिहा आणि सही घ्या. दुसऱ्यांदा तो म्हणणार नाही.

पाचवी, पत्रकार मित्रांकडं आणि ग्रुपवाल्यांकडं. 'ब्रेक फेल' ही बातमी नाही, ते ड्रायव्हरचं म्हणणं आहे. बातमी असेल तर शेवटचं पासिंग कधी, कुणी केलं, ब्रेकचं काम कधी झालं, गाडीत वजन किती होतं, हे छापा.

माझ्या गाडीचं ते झिजलेलं पॅड मी फेकलं नाही. घरात टीव्हीशेजारी ठेवलंय. पाहुणे विचारतात हे काय, तेव्हा सांगतो. आईला मात्र त्या दिवशीचं खरं अजून सांगितलेलं नाही. ही पोस्ट कुणीतरी तिला वाचून दाखवेलच.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली भांडा, मी उत्तर देईन. पण भांडायच्या आधी एक करा. आज संध्याकाळी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. मग इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलला आणि हॅन्डब्रेक लावून, पेडल ३० सेकंद दाबून धरा. ते जागेवर राहिलं का खाली गेलं, ते कॉमेंटमध्ये लिहा. खाली गेलं असेल तर उद्या सकाळी गाडी काढू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.